टिपणीस सरांचा हत्ती आणि इतर चित्रं

टिपणीस सरांना मी एकदा ऐन दुपारी कडावजवळच्या एका वस्तीत, कुणाच्या तरी अंगणात, तुळशीवृंदावनाभोवती सायकलने गोल गोल फिरताना पाहिलं. घरची म्हातारी हातात सूप घेऊन ओट्यावर उभी होती. कोंबड्या वाट फुटेल तिकडे पळत होत्या. आणि सर मात्र हँडलवर बसवलेल्या एका छोट्या डबीकडे डोळे लावून, पूजेला बसल्यासारखा चेहरा करून फेऱ्या मारत होते. मी स्कूटर थांबवून हाक मारली, "सर, काय चाललंय हे?"

"बाई, मध्ये बोलू नका," सर म्हणाले, "हत्तीचा डोळा काढतोय."

दुसरा कुणी असता तर मी त्याच्या घरच्यांना फोन लावला असता. पण सरांबरोबर मी कर्जतच्या एकाच शाळेत नोकरीची सगळी वर्षं काढली होती. मी मराठी शिकवायचे, ते चित्रकला. आमची घरंही एकाच गल्लीत, समोरासमोर. त्यामुळे सर हत्तीचा डोळा काढतोय म्हणाले म्हणजे तो डोळाच असणार, आणि आपल्याला तो दिसत नसेल तर दोष आपला, एवढं मला अनुभवाने ठाऊक होतं. मी स्कूटर स्टँडला लावली आणि डोळा पूर्ण होण्याची वाट बघत उभी राहिले.

सर जाऊन आता काही पावसाळे झाले. कर्जतमध्ये त्यांची आठवण निघाली की लोक आधी हसतात आणि मग 'हत्ती' म्हणतात. तो हत्ती काय होता, हे नीट सांगणारी आता मीच उरले आहे असं वाटतं, म्हणून हे लिहिते.

सर उंच, काटकुळे. बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, आणि डाव्या कानावर एक जाड शिशाची पेन्सिल. ती पेन्सिल त्यांनी कधी काढून ठेवलेली मी बघितली नाही. शाळेत फोटो काढायला फोटोग्राफर आला, की तो सांगायचा, "सर, पेन्सिल." सर म्हणायचे, "ती फोटोत येऊ दे, ती माझ्याबरोबर आहे."

विद्यार्थ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. मुलगा आठवायचा तो त्याने काढलेल्या चित्रावरून. एकदा बाजारात एक मिशीवाला गृहस्थ सरांच्या पाया पडला. मोठा बिल्डर झाला होता. सरांनी त्याला निरखून बघितलं आणि आनंदाने ओरडले, "अरे, तू तर एकाच डोंगराआडून दोन सूर्य काढलेस तो!" बिल्डरची बायको शेजारीच उभी होती.

वर्गात सरांचा नियम एकच. चित्र एका रेघेत काढायचं, पेन्सिल कागदावरून उचलायची नाही, आणि खोडायचं नाही. खोडरबर त्यांच्या तासाला दप्तरातूनही बाहेर काढायची बंदी होती. "चुकली तर चुकली रेघ," ते म्हणायचे, "तिला बरोबर घेऊन पुढे जा. चुकलेली रेघ जिथे जाते तिथे बघायला तर जा!" आमच्या शाळेतल्या मुलांच्या चित्रांत त्यामुळे भलत्याच गोष्टी असायच्या. मासे असायचे, त्यांना खिडक्या असायच्या. परीक्षक चक्रावून जायचे.

निवृत्त झाल्यावर सरांनी माळ्यावरची जुनी, काळी, दांडीची सायकल खाली काढली आणि रोज सकाळी फिरायला जायला लागले. कधी चौक गावच्या रस्त्याला, कधी पळसदरीकडून खोपोलीला. सांगून जायचे नाहीत आणि फोन घरी विसरायचे. त्यांची मुलगी मुग्धा पुण्याला असते. तिने काळजीपोटी ती डबी पाठवली. सायकलवाले वापरतात ती, जीपीएसची. आपण कुठून कुठे गेलो याची रेघ ती नकाशावर उमटवते, पुढचा रस्ता दाखवते, रस्ता चुकला की पीं पीं करून ओरडते, आणि शिवाय बाबा या क्षणी कुठे आहेत तो ठिपका मुग्धाला पुण्यात बसून तिच्या फोनवर दिसतो. मुग्धाला तो ठिपका हवा होता. सरांना काय मिळालं ते तिला उशिरा कळलं.

पहिल्याच फेरीला सर नेरळवरून कळंबला गेले, तिथून कशेळे, कडाव करत परत कर्जतला आले. घरी आल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवर ती रेघ उघडली आणि तसेच, सायकलच्या क्लिपा पँटला लावलेल्या, माझ्या दारात आले.

"बाई, चला. मी बदक काढलंय."

"कशाचं?"

"माहीत नाही. मला न सांगताच काढलं गेलंय."

मी जाऊन बघितलं. खरोखरच बसलेलं बदक होतं. नेरळला शेपूट, कडावला चोच, आणि मधे कळंबच्या बाजूला चांगली गुबगुबीत पाठ. सर त्याच्याकडे असं बघत होते, जसं एखाद्याला त्याच्याच घराच्या मागे अचानक नदी सापडावी. "बाई," ते हळूच म्हणाले, "रेघ कुठेही उचललेली नाही. उचलताच येत नाही!"

त्या दिवसापासून कर्जत आणि खालापूर हे तालुके सरांच्या दृष्टीने कागद झाले. त्यांनी दोन्ही तालुक्यांचा मोठा नकाशा मिळवला, जेवणाच्या टेबलावर पसरला, आणि त्यावर बायकोच्या, म्हणजे सुमनकाकूंच्या, शिवणाच्या डब्यातला काळा दोरा मांडायला लागले. दोरा बोटाने सरकवत सरकवत, रस्ते, पाणंदी, बांध पकडत ते चित्र जुळवायचे. जमलं की तोच रस्ता डबीत भरायचे आणि दुसऱ्या दिवशी तिच्या सांगण्याप्रमाणे सायकल हाकायचे. काकू आणि ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर ताटं ठेवून उभ्याने जेवायचे, कारण टेबलावर हत्ती होता.

मी एकदा म्हटलंही, "सर, दोरा कशाला? पेन्सिल आहे की कानावर."

"दोरा बरा पडतो," सर म्हणाले आणि विषय बदलला.

हत्तीला महिना गेला असेल; आजची रेघ जिथे थांबली तिथूनच सर उद्या पुढे निघायचे. चित्र मोठं आणि मधे शेतं, ओढे, लोकांची घरं. हत्तीला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं आणि सरांनाही. कानाच्या दिवशी मुग्धाचा मला पुण्याहून फोन आला. आवाज रडवेला. "वैद्यकाकू, बाबांचा ठिपका किती वेळ हललेला नाही. आणि तो नदीत आहे!"

मी स्कूटर काढली आणि तशीच पेज नदीच्या बाजूला पळवली. सर नदीत नव्हते. काठावरच्या आंब्याखाली दगडावर बसले होते, ठिपका जरा घसरून नदीत पडला होता इतकंच. समोर पायवाटेच्या बरोबर मध्ये एक बैल रवंथ करत बसला होता.

"सर, बाजूने जा की!"

"कानाला खाच पडेल," सर म्हणाले.

एवढ्यात बैलाचा मालक आला. त्याला सरांनी सगळं समजावून सांगितलं. आपण हत्ती काढतोय, इथे त्याचा कान आहे, तुमचा बैल कानात बसलाय. मालकाने शांतपणे ऐकून घेतलं. मग बैलाकडे बघितलं, सरांकडे बघितलं.

"मास्तर, तो काय आता उठायचा नाय. त्याची बसायची येळ हाय ही."

"मग मी थांबतो."

"आमी पण थांबतो मग," असं म्हणून तोही दगडावर बसला. मीही बसले. बैल उठेपर्यंत मालकाने आम्हाला त्याच्या धाकट्या भावाच्या तीन बायकांची सगळी हकिकत सांगितली. बैल उठला तसे सर सायकलवर बसले आणि सरळ रेषेत निघून गेले. मालक त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाला, "मानूस भला हाय. पन बैलाचं एवडं कोन ऐकतं?"

डोळ्याचं मी सांगितलंच. हत्तीचा डोळा नेमका त्या म्हातारीच्या अंगणात येत होता. सर तिला आधी विचारायला गेले, "आजी, तुमच्या अंगणात हत्तीचा डोळा आहे."

"आमच्यात कोंबड्या हायत, बाबा. हत्ती नाय," आजी म्हणाली. पण शिकलेला माणूस उन्हातून आलाय, म्हणून तिने नको म्हटलं नाही. सरांनी फेऱ्या मारल्या, पाणी प्यायले, आलेल्याच वाटेने परत गेले, म्हणजे रेघेवर रेघ बसून डोळा सुटा दिसावा. हे सगळं वस्तीतल्या बायकांनी बघितलं. शाळेचा मास्तर इतक्या लांबून सायकलने येतो, कुणाशी बोलत नाही, तुळशीला प्रदक्षिणा घालतो आणि निघून जातो! याचा अर्थ बायकांनी आपापसात लावला. पुढे मी त्या बाजूला गेले तेव्हा तुळशीला नवा रंग दिला होता, समोर नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या, आणि आजी एका अनोळखी जोडप्याला सांगत होती, "चालत घाला नायतर सायकलीवं घाला. पन बोलायचं नाय, मुकाट घालायच्या."

मी हे सरांना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. "डोळा जाड होत असेल," ते म्हणाले.

हत्तीच्या शेवटच्या दिवशी, मागच्या पायाची टाच पूर्ण करून सर चौकच्या रस्त्याला लागले आणि टायर पंक्चर झालं. मागून एक टेंपो आला. चालक उतरून धावत आला. "सर, ओळखलंत का? मी दत्ता!"

सरांनी बघितलं. "पाच पायांचा घोडा."

"तोच, सर! तुमी बसा पुढं. सायकल मागं टाकतो."

दत्ता रसायनीच्या एका कारखान्यात रिकामी पिंपं पोचवून मग कर्जतला परत येणार होता. सर आनंदाने पुढे बसले. रसायनीला जाऊन आले, वाटेत दत्ताने वडापाव खायला घातला. सर घरी आले, हातपाय धुतले, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की डबी बंद करायची राहिली होती.

मी गेले तेव्हा सर कॉम्प्युटरसमोर बसले होते. हत्ती अप्रतिम होता. सोंड, सुळे, कान, तो डोळा. आणि मागून निघालेली शेपूट पार चौक ओलांडून पाताळगंगेच्या काठाने रसायनीच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली होती. तिथे एक छोटी गाठ होती, जिथे दत्ताने पिंपं उतरवली. आणि तीच शेपूट परत आली होती.

मुग्धा फोनवर सांगत होती, "बाबा, तेवढा तुकडा कापून टाकता येतो. मी दाखवते, एक बटण आहे."

"खोडायचं नाही," सर म्हणाले.

"अहो, पण हत्तीपेक्षा शेपूट मोठी झालीय!"

सर पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "वडापाव खाताना मी सुखात होतो. ते त्यात दिसतंय."

तो हत्ती मुग्धाने सगळ्यांना पाठवला आणि सर गावात प्रसिद्ध झाले. लोक हसले, पण प्रेमाने हसले. शाळेनेही बोलावलं. दसऱ्याआधी आमच्या शाळेत सरस्वतीपूजन असतं, आणि सभागृहाच्या मोठ्या फळ्यावर सरस्वती काढण्याचा मान निवृत्तीनंतरही सरांचाच होता. एका रेघेत, मोरापासून वीणेपर्यंत. मुलं श्वास रोखून बघायची.

त्या वर्षी सर फळ्यासमोर उभे राहिले. खडू टेकवला. आमच्याकडे पाठ होती. बराच वेळ काही झालं नाही. मग फळ्यावर टक टक टक असा बारीक आवाज येऊ लागला. मी पुढच्या रांगेत होते म्हणून मला दिसलं. खडू टेकवलेल्या जागी टिंबंच टिंबं उमटत होती. रेघ सुरू होत नव्हती.

सर वळले. चेहऱ्यावर हसू होतं. "यंदा तुम्ही काढायची," ते मुलांना म्हणाले, "सगळ्यांनी मिळून. खडू घ्या." मुलं ओरडत फळ्यावर तुटून पडली आणि सरस्वतीला थोड्याच वेळात चार मोर झाले.

मी सरांना बाहेर पायरीवर गाठलं. उजवा हात त्यांनी खिशात घातला होता, आणि खिसा हलत होता.

"केव्हापासून, सर?"

"निवृत्तीच्या आधीपासून थोडं थोडं. आता पेन्सिल धरवत नाही. चहा बशीत सांडतो, ते तुम्ही बघितलंच असेल." मी बघितलं होतं आणि मला वाटलं होतं की सर घाईत आहेत. "डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार."

सरांनीच मला धीर दिल्यासारखं सांगितलं, "सायकलच्या हँडलवरही थरथरतो तो. पण बाई, कर्जतपासून कळंबपर्यंतच्या रेघेत बोटाएवढी थरथर कुठे दिसणार? मोठं चित्र काढलं की हात स्थिर होतो."

तेव्हा मला दोऱ्याचा उलगडा झाला.

सुमनकाकूंविषयी मी अजून काही सांगितलं नाही. काकू ठेंगण्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या, आणि जे बोलतील ते भाजी चिरता चिरता. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. सर नवीन चित्राचा विचार करत होते. मोर घ्यावा की रेल्वे इंजिन? काकू गवार मोडत म्हणाल्या, "शाळेच्या संस्थापकांना काढलंत. प्रमुख पाहुण्यांना काढलंत. दरवर्षी त्या सरस्वतीला काढलंत. परवा हत्तीलासुद्धा काढलंत. मला तेवढं राहिलंच."

रागाने नाही, गवार निवडताना जसं 'ही जून आहे' म्हणावं तशा म्हणाल्या आणि आत गेल्या. सर टेबलाकडे वळले. मग त्यांनी मोराचा दोरा नकाशावरून उचलला.

काकूंचं चित्र गुपचूप करायचं ठरलं. बाजूने दिसणारा चेहरा. कपाळ नेरळकडे, नाक कळंबला, हनुवटी कशेळ्याच्या खाली. मान कर्जतवरून पळसदरीकडे उतरायची, पदर खोपोली-खालापूर फिरून चौकच्या रस्त्याने वर यायचा, आणि वावर्ल्याच्या आसपास मानेवर सैल अंबाडा. नाकात नथ हवीच, लग्नातली. आणि नथ पडत होती कळंबच्या एका मोठ्या रिसॉर्टच्या आत. नेमकी त्यांच्या पोहण्याच्या तलावाभोवती.

त्या दिवशी सरांनी मला स्कूटर घेऊन सोबत बोलावलं. फाटकावर वॉचमन होता. "आत हळद चाललीय. सायकल आत न्यायची नाय."

"मला फक्त तलावाभोवती एक फेरी मारायची आहे."

"कशापायी?"

"नथ घालायचीय," सर म्हणाले.

वॉचमनचा चेहरा एकदम बदलला. "मग असं सांगा ना. नथवाले! मगाधरनं आत बोंब चाललीय नथ आली नाय, नथ आली नाय. जावा लवकर!" आणि त्याने फाटक सताड उघडलं.

आत दीडदोनशे माणसं पिवळीधमक होऊन नाचत होती. सगळे मुंबईचे. सर हँडलवरच्या डबीकडे बघत सरळ त्यांच्यात शिरले. एक क्षण सगळं थांबलं. मग हातात माइक असलेला एक मुलगा किंचाळला, "सरप्राइज एंट्री! दादाजी ऑन सायकल!" आणि डीजे दुप्पट जोरात सुरू झाला. लोकांनी वाट करून दिली. सर तलावाभोवती फेरी मारत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली, सरांनी सायकल थांबवली नाही. नवरीच्या एका मावशीने मला पकडून हळद तर लावलीच, वर "तुम्ही मुलाकडच्या ना?" असं विचारून जेवून जायचा आग्रह केला.

फेरी पूर्ण झाली तसा फोटोग्राफर धावत आला. "अंकल, अजून एक राउंड, प्लीज. ड्रोन लावतो."

"नाही," सर म्हणाले, "नथ जाड दिसेल."

फोटोग्राफरने मान डोलावली. त्याला ते पटलं असावं. आम्ही फाटकातून बाहेर पडलो तेव्हा आतून एक बाई वॉचमनला ओरडून विचारत होती, "नथवाले आले म्हणालास ना? कुठायत?"

त्या रविवारी चित्र पूर्ण झालं. मुग्धा पुण्याहून फोनच्या पडद्यावर हजर होती. सरांनी काकूंना हात धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. काकूंनी चष्मा लावला.

काकूंनी मान जरा मागे घेतली. मग विचारलं, "कोण आहे ही?"

"तू!"

"अंबाडा माझा आहे," काकू म्हणाल्या. "पदर माझा आहे. हे नाक माझं नाही. हे तुमच्या आईचं नाक आहे."

सरांनी भिंतीवरची आईची तसबीर काढून आणली आणि पडद्याशेजारी धरली. तसबीर त्यांच्या हातात थरथरत होती. मुग्धा फोनमधून खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. नाक खरोखरच सासूबाईंचं होतं, नथीसकट.

"खरंच गं," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जणू मी शाळेची तपासनीस आहे, "बाई, इतकी वर्षं संसार केला, आणि मी हिच्या नाकाकडे नीट बघितलेलंच नाही."

मी घरी आले. रडावं की हसावं कळेना, म्हणून भांडी घासली.

खोडायचं नाही हा नियम असल्यामुळे सगळं चित्र पुन्हा काढणं आलं. पण आधी नाकाचा अभ्यास. सरांनी खिडकीपाशी खुर्ची मांडली. रोज सकाळी काकू चांगली साडी नेसून तिथे बाजूने तोंड करून बसायच्या आणि सर समोर पुठ्ठ्यावर दोरा सरकवत नाक जुळवायचे. दूध उतू जायचं, कुकर बोंबलायचा, कुणी उठायचं नाही. मी एकदा दारातून डोकावले, तर काकू मान न हलवता म्हणाल्या, "वैद्यबाई, गॅस तेवढा बंद करा. मला हलायचं नाहीये." त्यांच्या गालावर इतका रंग मी कधी बघितला नव्हता. एका सकाळी तर त्यांनी सरांनाच सांगितलं, "आज सर्दी झालीय, नाक बरं दिसणार नाही. उद्या बघू."

दुसऱ्यांदा चित्र काढायला सरांनी पदरापासून सुरुवात केली. आणि मानेपाशी, पळसदरीच्या वळणावर, पडले. गळ्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, तोल आता भरवशाचा नाही, सायकल बंद. मुग्धा आली. तिने सायकल माळ्यावर टाकली आणि डबी पर्समध्ये घालून पुण्याला नेली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ठिपका नदीत दिसला की काय होतं ते तिलाच माहीत.

सर खुर्चीत बसून राहायला लागले. टेबलावरचा नकाशा गुंडाळला गेला, आणि दोघं परत टेबलावर जेवायला लागली, हे बघून मला फार वाईट वाटलं. सर बोलायचे ते विचारलं तर, तेवढ्यापुरतं. पेन्सिलही कानावरून सारखी घसरायची.

मग एका दुपारी समोरच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला. एरवी त्यांचा आवाज गल्लीत कधी ऐकू येत नसे. त्या पुण्याला फोनवर बोलत होत्या. "मुग्धा, ती डबी परत पाठव... नाही, ते काही मला सांगू नकोस. ते सायकलवरून पडतात ते मला माहीत आहे. माझं नाक काढायचं राहिलंय, ते कोण काढणार? तू?... मग पाठव."

पुढे काय झालं ते जवळून बघायला मी तिथे राहिले नाही. माझं नाशिकला मुलाकडे जायचं ठरलं होतं आणि बांधाबांधीत माझे दिवस गेले. एवढं सांगते की चित्र पूर्ण झालं. सर गेल्यावर मुग्धाने ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं, असं काकू फोनवर म्हणाल्या. मी विचारलं, "नाक जमलंय का?"

"जरा लांब झालंय," काकू म्हणाल्या. "पण माझंच आहे."

मी ते चित्र अजून बघितलेलं नाही. मी सरांना शेवटचं बघितलं ते नाशिकला जायच्या आदल्या आठवड्यात. कळंबला एका जुन्या विद्यार्थिनीचं डोहाळजेवण होतं, म्हणून सकाळी स्कूटरवरून निघाले होते. रस्त्याकडेला दत्ताचा टेंपो उभा दिसला, मागचा फाळका खाली सोडलेला. दत्ता झाडाखाली बसला होता. मला बघून त्याने नुसतं पुढे बोट दाखवलं.

पुढे रस्त्याच्या मधोमध एक तीनचाकी सायकल चालली होती. पाण्याचे जार पोचवतात ती, पुढे लोखंडी पेटी असलेली. पेटीत गादी अंथरून सुमनकाकू बसल्या होत्या. अंगावर लग्नातला शालू, नाकात नथ, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात डबी. मागे सर पायडल मारत होते. माणूस पायी चालतो त्याहून सावकाश. पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. काकू डबीत बघून सांगत होत्या, "जरा उजवीकडे घ्या... अजून... आता हळूहळू खाली. अहो, शेंडा गेला पुढे!"

"गेला तर गेला," सर म्हणाले. "उचलायची नाही."

त्यांच्या मागे एक एसटी आणि दोन गाड्या खोळंबल्या होत्या. मी सगळ्यांना ओलांडून त्यांच्या बरोबरीला आले. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही, त्यांचे डोळे रस्त्यावर होते. मागून एसटीवाल्याने हॉर्न दाबला, तसा मीही अजाणता हॉर्नवर अंगठा नेला.

काकूंनी छत्री जरा बाजूला केली. "वैद्यबाई, हॉर्न वाजवू नका," त्या म्हणाल्या, "नाक चाललंय."

मी स्कूटर आडवी घालून एसटीसमोर उभी केली, किल्ली काढून घेतली, आणि नाक जाईपर्यंत कुणाला पुढे जाऊ दिलं नाही.